चाळलेली माती

नखाखाली तपकिरी निघालं, आणि डॉक्टरांनी चटकन अंगठा त्या जागेवर ठेवला. गच्चीवर रविवारच्या बोन्सायच्या वर्गाची मंडळी खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती बसली होती. त्यातल्या बँकेच्या बाईंना प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. त्यांनीच विचारलं होतं की झाड जिवंत आहे की नाही हे कळतं कसं. सोपं आहे, डॉक्टर म्हणाले होते, खोडाची साल नखानं किंचित खरवडायची, खाली ओलं हिरवं दिसलं की समजायचं स्वारी ठणठणीत आहे. आणि बोलता बोलता, दाखवायला म्हणून, त्यांनी हात नेला तो मेजावरच्या जुनिपरकडे. दुसरं कुठलंही झाड चाललं असतं. वड होता, चिंच होती, ती वेडीवाकडी बोगनवेल होती. पण मिरवायचं झाड हे, थंड मुलखातलं, सुईसारख्या पानांचं, या शहरात कुणाकडे नसलेलं, म्हणून हात सवयीनं तिकडे गेला. वर पानं हिरवीगार, कालच कातरून गोल केलेली, आणि सालीखाली वाळक्या काडीचा रंग. बाईंनी चष्मा सावरून मान पुढे काढली आणि दिसलं का म्हणून विचारलं. दिसतं की, डॉक्टर म्हणाले, आणि अंगठा न उचलता दुसऱ्या हातानं त्यांनी वडाची कुंडी पुढे ओढली.

या वर्गात ते जे सांगत ते वर्षानुवर्षं तेच होतं, आणि इतकं तोंडपाठ होतं की तोंड एकीकडे चालू ठेवून डोकं दुसरीकडे नेणं त्यांना जड गेलं नाही. रोग्याचा दात काढतानाही ते असंच करत, हात आपलं काम करायचे आणि तोंड हवापाण्याच्या गप्पा मारायचं. आधी आपली हवा बघायची, ते सांगत होते, झाड नंतर. माणसं नेमकं उलटं करतात. चित्रात एखादं झाड बघतात, त्याच्यावर जीव जडतो, उचलून घरी आणतात आणि मग त्याच्यासाठी हवा शोधत बसतात. आपल्याकडचा उन्हाळा चिकट, हिवाळा नावापुरता. तेव्हा वड घ्या, उंबर घ्या, चिंच घ्या, कुंती घ्या, ही आपल्या हवेत वाढलेली मंडळी, चार दिवस पाणी चुकलं तरी रुसत नाहीत. मातीचंही तेच. माती झाडाच्या माहेरची बघायची नाही, कुंडी जिथे ठेवणार तिथली हवा बघायची. तिकडे कोरड्या थंडीत जी माती ओल धरून झाड जगवते, तीच इथे लगदा होऊन मुळं कुजवते. म्हणून विटांचा चुरा, जाडी वाळू, थोडा कोळसा, चवीपुरतं खत, आणि सगळं चाळून. चाळणीतून जे खाली पडेल ते टाकून द्यायचं, बारीक धूळ पाणी अडवते. दर दोन वर्षांनी कुंडी रिकामी करायची, मुळं छाटायची, जुनी माती पार झाडून नवी भरायची. मातीत जीव गुंतवायचा नाही, हे वाक्य ते दर वेळी म्हणत आणि लोक दर वेळी हसत. आजही हसले.

मग हे कसं टिकलं, असं वर्गातल्या नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यातल्या मुलीनं जुनिपरकडे बोट दाखवून विचारलं. हा प्रश्न यायचाच. किंबहुना तो यावा म्हणूनच डॉक्टर ते झाड मेजाच्या मधोमध ठेवत. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. हट्टानं, ते म्हणायचे. हिवाळ्यात त्याला झोप लागावी म्हणून मातीवर बर्फाचे खडे ठेवतो, सकाळी गच्चीवरचं कोवळं ऊन देतो, आणि उन्हाळ्यात दुपारी खालच्या छोट्या खोलीत नेतो. तिथे त्याच्यासाठी एसी बसवलाय. आमच्याकडे झाडाला एसी आहे आणि बायको त्याच्या वशिल्यानं झोपते. इथे हशा ठरलेला. ती असली तर चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या दाराशी यायची आणि सगळ्यांबरोबर हसायची, आणि डॉक्टरांना बरं वाटायचं की बघा, हिलाही गंमत कळते. आज त्यांनी तेच सगळं त्याच सुरात सांगितलं, लोक हसले, आणि जिन्याचं दार उघडं होतं पण तिथे कुणी नव्हतं. त्या दिसत नाहीत, मुलगी म्हणाली. बहिणीकडे गेल्यात, डॉक्टर म्हणाले, येतीलच. अंगठा अजून खोडावर होता आणि आता तो दुखायला लागला होता.

येतीलच, हे काल संध्याकाळपर्यंत खरं होतं, निदान म्हणता येत होतं. उन्हाळा सुरू झाला तशी ती दर वर्षीप्रमाणे डोंगरातल्या आपल्या गावी, ताईकडे गेली होती. पंधरा दिवस म्हणून गेली. मग ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मग हिचा गुडघा धरला, आणि मग कारणं सांगणंच थांबलं, नुसते फोन येत राहिले, तुम्ही जेवलात का, औषध घेतलंत का. त्यांची मुलगी परदेशातून फोन करते, तिनं एकदा सहज म्हटलं होतं, बाबा, आई तिकडं किती वेगळी दिसते हो, गालांवर रंग आलाय. डॉक्टरांनी तेव्हा थंडीनं येतो तसा म्हणून सोडून दिलं होतं. काल संध्याकाळी तिनं फोनवर, भाजी काय केली हे विचारावं त्याच आवाजात, सांगितलं, "मी इथंच राहीन म्हणते." डॉक्टरांना आधी वाटलं, या महिन्यापुरतं. ती थांबली आणि म्हणाली की कायमचं म्हणतेय, तुम्ही काय म्हणता ते सांगा. डॉक्टर काय म्हणाले? उद्या बोलू, सकाळी वर्ग आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको राहू की येऊ विचारते आणि नवऱ्याच्या तोंडून काय निघतं, तर सकाळी वर्ग आहे. स्वतःचीच लाज वाटून त्यांनी मोकळ्या हातानं कोळशाचे तुकडे उगीचच लहान केले आणि बँकेच्या बाईंच्या हातात चाळणी दिली, बघा हलवून.

चाळणीचा तो आवाज, खर्र खर्र. ती चाळणी दवाखान्यातल्या जुन्या सामानाबरोबर घरी आली होती आणि गच्चीवर तिला दुसरा जन्म मिळाला होता. तिचा आवाज आला की बायको दाराशी यायची, कारण धूळ उडायची आणि वाळत घातलेले कपडे काढावे लागायचे. झाड घरात आलं त्या वर्षीही आली होती. तिची आई गेली होती, दिवस झाले, आणि परत येताना तिनं बिस्किटांच्या डब्यात अंगणातली माती भरून आणली होती, काळी, मऊ, भुसभुशीत, आणि मुळासकट एक हातभर रोपटं. घर विकायचं ठरलं होतं आणि अंगण आता कुणाच्या गाड्या ठेवायला जाणार होतं. हे झाड आमच्या कुंपणाशी होतं, ती म्हणाली, जगलं तर बघा. डॉक्टर हरखले. जुनिपर! थंड मुलखातलं, अस्सल, आणि चालत घरी आलेलं. त्या क्षणापासून ते झाड त्यांचं झालं आणि तिच्याकडे बघायचं राहून गेलं. त्यांनी माती हातात घेऊन दाबली, लाडू होतोय बघ, म्हणाले, ही इथे टिकायची नाही, आणि चाळणीत ओतली. जवळजवळ सगळी खाली पडली. ती त्यांनी नळाखाली धरून गच्चीच्या मोरीत सोडून दिली, काळं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. ती दाराशी कपडे हातावर घेऊन उभी होती. "सगळीच गेली?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी तिला निचरा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं, मुळांना हवा कशी लागते, ओल साचली की बुरशी कशी धरते. मग तिचा चेहरा बघून, का कोण जाणे, डब्याच्या तळाशी राहिलेली मूठभर माती त्यांनी कुंडीच्या तळाशी घातली आणि म्हणाले, ही बघ, ठेवली तुझी. ती हसली आणि कपडे घेऊन आत गेली. ती हसली ना, म्हणून तो विषय त्यांच्या लेखी तिथे मिटला.

हसण्यावर ते फार विसंबून राहिले. आता वाटतं, फारच. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तिच्या अंगावर घामोळं उठलं, पाठ, मान, सगळं लालेलाल, आणि ती रात्रभर ओला टॉवेल टाकून पडायची. होईल सवय, ते म्हणाले, आणि ती हसली होती. तिकडे तिच्या गावात एक म्हातारे दातांचे डॉक्टर होते, ते दवाखाना देऊन टाकायच्या विचारात होते. तिनं एकदाच विचारलं होतं, बघून तर या. डॉक्टर गेले, बघितलंही. लाकडी जिना, खिडकीतून डोंगर, खुर्ची जुनी पण भक्कम. त्या म्हाताऱ्यानं त्यांना एक रोगी बघायला दिला आणि थंडीनं डॉक्टरांची बोटं अशी आखडली की आरसा तोंडात धरता येईना. रोगी हसला, म्हातारा हसला. परत येताना बसमध्ये डॉक्टर एवढंच म्हणाले, इथे माझे हात चालायचे नाहीत. ते खोटं नव्हतं. हात हेच त्यांचं पोट होतं. तिनं खिडकीबाहेर बघत मान हलवली, बरोबर आहे, म्हणाली, आणि पुन्हा त्या गावाचा विषय कधी काढला नाही. त्यांच्या बोटांना चार तासांत जे कळलं ते तिच्या सगळ्या अंगाला आयुष्यभर कळत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. आपली हवा आधी बघायची, झाड नंतर. हे ज्ञान ते दर रविवारी लोकांना वाटत होते.

दुपारी जेवणं झाली की ती दवाखान्यात यायची. रोग्यांची नावं लिहायची, कापूस कापायची, हत्यारं उकळायची, आणि काम नसलं की एक्स-रेच्या यंत्राजवळच्या स्टुलावर बसून राहायची. डॉक्टरांना वाटायचं, हिला आपल्या कामात रस आहे. लोकांनाही ते कौतुकानं सांगत. ते स्टूल एसीच्या बरोबर खाली होतं. घरात एसी घ्यायचा विषय निघाला की आपल्याला काय गरज, आपण या हवेत वाढलोय, असं ते म्हणत, आणि तो आपण कुठला हे तिनं कधी विचारलं नाही. मग झाड आलं, पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या टोकांना तपकिरी चढली, आणि आठ दिवसांत छोट्या खोलीत एसी लागला. ती दुपारी दवाखान्यात यायची बंद झाली. छोट्या खोलीत कुंडीशेजारी चटई टाकून झोपायला लागली. डॉक्टर संध्याकाळी झाड बघायला दार उघडत तेव्हा गार हवेत ती कुशीवर झोपलेली असे, चेहरा कुंडीकडे, बोटं पानांना लागतील इतकी जवळ, आणि ते पाऊल न वाजवता आत जाऊन झाड उचलून नेत. कधी थांबून तिच्याकडे बघितलं होतं का? आठवून बघितलं तर फक्त पानांची टोकं आठवत होती, त्या त्या वर्षीची.

वर्ग सुटला. बँकेच्या बाईंनी वडाची एक फांदी मागून घेतली, जोडप्यानं आपल्या बाल्कनीत ऊन किती येतं ते पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि डॉक्टरांनी त्यांना कुंती सुचवली, तुमच्या दोघांच्या धांदलीतही जगेल म्हणाले. सगळे जिना उतरून गेल्यावर त्यांनी अंगठा उचलला. नखाएवढी जागा, कोरडी. त्यांनी थोडं वर खरवडलं, मग थोडं खाली, मग मुळाशी. सगळीकडे तेच. फांदी वाकवली तर ती वाकली नाही, बारीक आवाज करून तुटली, आणि तुटलेल्या टोकावरची पानंसुद्धा हिरवीच. हे असं होतं, त्यांना ठाऊक होतं. वडाचं काही बिनसलं तर तो सरळ पानं टाकतो, गाजावाजा करून आजारी पडतो. हे झाड तसं करत नाही. हे आतून संपतं आणि महिनोन् महिने वरून हिरवं राहतं. पुस्तकात वाचलं होतं, लोकांना सांगितलंही होतं. दातांचंही असंच असतं. मेलेला दात दुखत नाही, छान दिसतो, रोगी म्हणतो काही त्रास नाही. म्हणून तर गार कापूस लावून विचारायचं असतं, गार लागतंय का? आयुष्यभर परक्या माणसांना हेच विचारत आलो, त्यांच्या मनात आलं, घरात विचारायचं सुचलं नाही.

ऊन चढलं होतं. झाड सावलीत न्यायला हवं म्हणून ते सवयीनं उठले आणि मग पुन्हा बसले. फोन मेजावरच होता. काय बोलायचं ते त्यांनी ठरवायला घेतलं, नीट, मुद्द्यानं. मुलीला काय सांगायचं, घराचं काय, ताईकडे जागा किती. त्यातलं काही जमेना, तेव्हा तसाच तिला फोन लावला. तिनं लगेच उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि ताई कुणाला तरी काही सांगत होती. वर्ग झाला का, तिनं विचारलं. झाला, ते म्हणाले, आणि ठरवलेलं सगळं बाजूला राहून तोंडून निघालं, "अगं, जुनिपर गेलं." पलीकडे भांड्यांचा आवाज लांब गेला, ती बहुतेक बाहेर येऊन उभी राहिली होती.

"ते मी निघायच्या आधीच गेलं होतं," ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण ती शांतपणे सांगत राहिली. दुपारी झोपताना ती त्याचं एक पान चुरडून वास घ्यायची. आमच्या कुंपणाचा वास, म्हणाली, पाऊस नसताना सुद्धा ओला वाटायचा. एक दिवस चुरडलं तर वास नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फांदीचं घेतलं, नाही. तेव्हाच कळलं. त्यानंतरही ती त्याला पाणी घालत होती, पानांवर फवारा मारत होती, तुम्ही सांगून ठेवलं होतं तसा. आणि मग एके दिवशी पिशवी भरली.

"मला सांगायचं तरी," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही रोज संध्याकाळी किती खुशीत त्याच्याकडे बघायचात. तुम्हाला हिरवं दिसत होतं. म्हटलं, दिसू दे."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. रागाशी भांडता येतं, समजूत घालता येते. तिचा आवाज नुसता मोकळा होता, आणि असा तो त्यांनी पूर्वी कधी ऐकला होता हे त्यांना आठवेना. बसमध्ये, त्या खिडकीपाशी, डोंगर दिसेनासे होईपर्यंत कदाचित असेल. त्यांनी तुटलेली फांदी नाकाशी नेली. लाकडाचा, धुळीचा, कशाचाच नाही असा वास आला. तिला कशाचा यायचा हे त्यांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी त्या झाडाला तार बांधली, छाटलं, मापलं, बर्फ घातला, एकदाही त्याचा वास घेतला नव्हता.

"राहा तू तिथं," ते म्हणाले. हे बोलायला काल संध्याकाळपासून इतका वेळ लागला होता आणि झालं ते दोन क्षणांत. मग त्यांनी विचारलं, "मी येऊ का तिकडे? राहायलाच."

ती लगेच बोलली नाही, हेच त्यांना पुष्कळ वाटलं. खरंच विचार करत होती. "चार दिवस या की," ती म्हणाली, "ताईलाही बरं वाटेल. पण राहायचं म्हणाल तर नको. तुमची बोटं आखडतात इथं. तुम्हाला मानवायचं नाही हो." तिच्या आवाजात माया होती. एवढंच कुणी तरी तिच्याबद्दल तेव्हा म्हणायला हवं होतं, आणि म्हणणारं घरात एकच माणूस होतं.

बरं, म्हणाले ते. दुसरं काय म्हणणार? मग तिनं वडाला पाणी घातलं का ते विचारलं, गॅसचा नळ बंद करता ना ते विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता तिला आठवण झाली. "अहो, येताना एक करा. झाड गेलं तर गेलं, कुंडीतली माती टाकू नका. तळाशी मूठभर आईच्या अंगणातली आहे ना, तुम्ही ठेवली होतीत ती. तेवढी डब्यात घालून आणा. इथं तुळशीसारखं काही तरी लावेन म्हणते तिच्यात."

डॉक्टरांनी कुंडीकडे बघितलं. ते झाड त्यांनी किती वेळा नव्या मातीत घातलं होतं. दर दोन वर्षांनी, नेमानं, मुळं धुऊन, ब्रशनं एक एक कण झाडून. जुनी माती पहिल्याच खेपेला खालच्या कचऱ्याच्या डब्यात गेली होती, बाकीच्या पालापाचोळ्याबरोबर, तेव्हा तिच्यात काही आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. आणि ती मात्र इतक्या दुपारी त्या कुंडीशी तोंड करून झोपत होती.

"आणतो," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी गच्चीवर वर्तमानपत्र पसरलं आणि झाड खोडाशी धरून उपसलं. ते काही न धरता निघालं. कुंडी पालथी केली, चाळणी ओढली आणि मग ती बाजूला ठेवून दिली. विटांचा चुरा, जाडी वाळू, कोळसा, सगळं कसं धुतलेलं, एका मापाचं, मोकळं. उन्हात गुडघे टेकून, दात तपासताना वाकत तसे वाकून, ते बोटांनी एक एक खडा बाजूला सारत राहिले. काळं काही दिसलं की उचलून दोन बोटांत चुरडायचे, नाकाशी न्यायचे. कोळसाच असायचा.